ताबोरची पिंपं : १४२० साली ‘माझं-तुझं’ कसं बंद झालं आणि परत कसं सुरू झालं

उंबरठा (धागाकर्ता)

हुस आणि हुसाइट (म्हणजे हुसच्या अनुयायांच्या) युद्धांवरच्या दुसऱ्या धाग्यात ताबोरचा विषय निघाला आणि गाडी भलतीकडे गेली, म्हणून हा वेगळा धागा. मुद्दा एवढाच: दक्षिण बोहेमियातल्या (आजचं चेक प्रजासत्ताक) ताबोर या वस्तीत १४२० च्या वसंतात खाजगी मालमत्ता खरोखर बंद झाली होती का, ती व्यवस्था चालायची कशी आणि मोडली कुठे? लढाया येतीलच, पण आधी हिशेब.

पार्श्वभूमी थोडक्यात. प्राहाच्या (प्रागच्या) बेथलेहेम चॅपलमध्ये चेक भाषेत प्रवचनं करणारा यान हुस ६ जुलै १४१५ ला कॉन्स्टान्सच्या धर्मपरिषदेने जाळला. तिथे जाताना त्याला सम्राटपदी निवडलेल्या सिगिस्मुंडचं अभयपत्र होतं, हे बोहेमियात कोणी विसरलं नाही. त्याच परिषदेने सामान्य भाविकांना प्रभुभोजनात द्राक्षारसाचा प्याला द्यायला बंदी घातली. ३० जुलै १४१९ ला यान झेलिव्स्की या धर्मगुरूच्या मोर्चाने प्राहाच्या नव्या नगरातल्या नगरसेवकांना खिडकीतून खाली फेकलं. १६ ऑगस्टला राजा वात्स्लाव चौथा वारला, आणि गादीचा वारस कोण, तर भाऊ सिगिस्मुंड.

‘ताबोर’ हे आधी डोंगराचं नाव. आपल्या बायबलात शास्ते, अध्याय ४ मध्ये दबोरा आणि बाराक ज्या ताबोर डोंगरावर जमतात, तेच. १४१९ च्या वसंतात बेखिन्ये गावाजवळच्या एका टेकडीला लोकांनी ते नाव दिलं आणि तिथे जमू लागले. ज्यांच्या गावचा पाद्री प्याला देत नव्हता असे शेतकरी, कारागीर बायकापोरांसह यायचे. आणलेली शिदोरी एकत्र करून वाटून खायची, एकमेकांना ‘भाऊ’, ‘बहीण’ म्हणायचं, संध्याकाळी घरी. २२ जुलैच्या मेळाव्याला ४० हजार लोक होते म्हणतात. बखरीतला आकडा आहे, पावशेर कमी करूनच धरा.

आता पिंपं. चेक शब्द ‘काद्ये’, म्हणजे बिअर करताना लागतात तसली मोठी लाकडी भांडी. ताबोर, पीसेक आणि व्होद्न्यानी इथे ती ठेवली होती. शेत-घर विकून आलेल्याने पैसा त्यात टाकायचा, आणि त्यातून ज्याला जशी गरज तसं द्यायचं. आधार प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ आणि ४. नियम सैल नव्हता: ज्याच्याकडे स्वतःचं वेगळं काही आहे तो महापाप करतो, असं तिथे शिकवलं जात होतं. पाचव्या अध्यायातले हनन्या आणि सप्पीरा आठवा, जमिनीचे काही पैसे मागे ठेवले म्हणून जागच्या जागी मेलेले.

माझा प्रश्न: पिंपात पैसा एकदा पडला, पुढच्या वर्षी कुठून पडणार होता?

खडकवासी

प्रश्न बरोबर आहे, पण तो त्यांना पडला नाही, कारण ‘पुढचं वर्ष’ येणारच नव्हतं. ही बाजू घेतल्याशिवाय पिंपांचा हिशेब लागत नाही.

१४१९-२० च्या हिवाळ्यात काही धर्मगुरू सांगू लागले की फेब्रुवारी १४२० मध्ये, १० ते १४ तारखेच्या दरम्यान, जगावर कोप होणार. वाचतील फक्त पाच नगरांत गेलेले: प्ल्झेन, झातेत्स, लोउनी, स्लानी आणि क्लातोवी. पाचच का? यशया १९:१८ मध्ये पाच नगरं आहेत आणि त्यातल्या एकाला सूर्यनगर म्हटलंय. प्ल्झेनला हे लोक सूर्यनगर म्हणायचे. मग शेतकऱ्यांनी मिळेल त्या किमतीला जमिनी फुंकल्या, कुटुंबं घेऊन निघाले आणि पैसे पाद्र्यांच्या पायाशी टाकले.

तारीख आली आणि गेली. शिकवण बदलली: ख्रिस्त रात्रीच्या चोरासारखा गुपचूप येऊन गेला आहे, आता दुष्टांना संपवायचं काम भक्तांचं. शांतपणे पळून जायला सांगणारे महिन्याभरात तलवार घ्यायला सांगू लागले. माझ्या मते चळवळीतलं सगळ्यात मोठं वळण हे, पिंपं त्यानंतरची.

घटनाक्रमही नोंदवून ठेवतो. २१ फेब्रुवारी १४२० ला, राखेच्या बुधवारी पहाटे, एका टोळीने सेझिमोवो ऊस्ती हे गाव घेतलं. आदली रात्र उपवासाआधीच्या मौजमजेची, त्यामुळे गाव झोपेत होतं. मग लक्षात आलं की गाव सपाटीवर, बचावाला नालायक. जवळच लुझ्नित्से नदीच्या वळणावर ह्रादिश्ते नावाची जुनी जागा होती, तीन बाजूंनी उतार आणि पाणी. तिकडे हलले, तिलाच ताबोर नाव दिलं, आणि ३० मार्चला सेझिमोवो ऊस्ती स्वतःच जाळून टाकलं. परतीचे दोर कापले म्हणा.

तेव्हा १४२० चं ताबोर म्हणजे ‘सामुदायिक शेती’ वगैरे नव्हे. विकलेल्या शेतीच्या पैशावर बसलेली तटबंदीतली छावणी होती. पिंप म्हणजे शिल्लक, उत्पन्न नव्हे.

तिरकी_रेघ

वाचतेय. एक कळत नाही: द्राक्षारसाच्या पेल्यावरून एवढी युद्धं? भाकर मिळत होती ना सगळ्यांना?

आगाशीचा_वारा

@तिरकी_रेघ, पेला म्हणून पाहिलं तर काहीच नाही. पण रोमन पद्धतीत तेव्हा भाविकाला फक्त भाकर आणि पाद्र्याला भाकर व द्राक्षारस दोन्ही. म्हणजे वेदीपाशी दोन जाती तयार झाल्या. ‘तुम्ही सर्व यातून प्या’ हे मत्तयातलं वाक्य समोर असताना पाद्री एकटाच पितो, हे चेक मंडळींना खटकलं. प्राहाचे प्राध्यापक इथवर येऊन थांबले. ताबोरवाले पुढे गेले, आणि त्यांचा मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) शब्दशः कसा चालायचा हे पाहिलं की फरक कळतो.

पाद्री झगा घालत नाही, रोजच्याच कपड्यांत. डोक्यावरची गोल हजामत नाही, उलट दाढी राखलेली. दगडी वेदी आणि तिच्यातले संतांचे अवशेष नकोत, साधं टेबल आणि वर कापड. सोन्याचांदीचा पेला नको, कथलाचा किंवा लाकडी चालेल. सगळे गुडघे टेकून ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतात, मग पाद्री भाकर आणि द्राक्षारसावरचे शब्द मोठ्याने, चेक भाषेत म्हणतो, आणि सर्वांना दोन्ही देतो, तान्ह्या मुलांनासुद्धा. बाप्तिस्म्याला अभिमंत्रित तेल वगैरे नाही, ओढ्याचं पाणी पुरे. शुद्धिस्थान (मेल्यावर पापं भोगून शुद्ध व्हायची जागा) नाही, म्हणून मेलेल्यांसाठीचे पैसे देऊन करायचे मिस्सेही नाहीत. संतांचे सण नाहीत, फक्त रविवार. पाद्र्याच्या कानात पापांची कबुली नाही.

यातली प्रत्येक गोष्ट काढली की पाद्र्याचं एकेक उत्पन्न जातं, हे ध्यानात घ्या. धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच दोरात वळलेलं होतं.

सगळ्यात धाडसी पाऊल सप्टेंबर १४२० चं. ताबोरच्या पाद्र्यांनी आपल्यातल्या मिकुलाश पेल्ह्रिमोव्हकराला स्वतःच बिशप म्हणून निवडलं. बिशपाने बिशपाच्या डोक्यावर हात ठेवून चालवलेली परंपरा तिथे तुटली, लूथरच्या शंभर वर्षं आधी. लोक त्याला ‘बिस्कुपेत्स’, म्हणजे ‘छोटा बिशप’ म्हणायचे. नाव थट्टेचं वाटतं, पण माणूस विद्वान होता आणि शेवटपर्यंत टिकला.

भुईनळा

छान चाललंय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

(आणि ते ‘बिस्कुपेत्स’ वाचून भूक लागली.)

चाकजोडी

आधी हिशेब म्हणालात तरी गाड्यांबद्दल लिहितो, कारण ताबोरी समता पिंपापेक्षा गाडीवर जास्त टिकली.

‘वाझोव्हा ह्राद्बा’, म्हणजे गाड्यांची तटबंदी. मूळ वस्तू शेतकऱ्याची चार चाकी घोडागाडी. तिच्या बाहेरच्या बाजूला जाड फळ्यांची भिंत टांगायची, तीत नेम धरायला भोकं. चाकांच्या मधली मोकळी जागा बंद करायला गाडीखाली आणखी एक फळी साखळ्यांनी लोंबकळवायची, नाहीतर शत्रूचं पायदळ खालून सरपटत येतं. गाड्या किंचित तिरप्या लावायच्या, एकीचं मागचं चाक दुसरीच्या पुढच्या चाकाशी साखळीने बांधायचं. घोडे सोडून आत न्यायचे. दोन गाड्यांमधल्या फटीत उभी मोठी ढाल. आतून बाहेर उसळी मारायला काही जागा उघडता येतील अशा ठेवायच्या. ही जागा पुढे महागात पडली, शेवटी येतो.

एका गाडीवर साधारण १८ ते २० जण: दोन गाडीवान, दोन बंदूकवाले, सहा-आठ आडव्या धनुष्याचे तिरंदाज, दोन ढालवाले, बाकीचे भाले, आकड्याचे परशू आणि ‘त्सेप’ घेतलेले. त्सेप म्हणजे धान्य झोडपायचं अवजार: लांब दांडा, टोकाला साखळीने किंवा कातड्याने अडकवलेला आखूड सोटा, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि खिळे. ज्याने आयुष्यभर धान्य झोडपलं त्याला वेगळं शिक्षण लागत नाही. घोडेस्वाराचं चिलखत तलवारीला दाद देत नाही, पण डोक्यावरच्या लोखंडी टोपावर हा सोटा बसला की टोप न फुटताही आतला माणूस कोसळतो.

हातबंदुकीला ‘पीश्त्याला’ म्हणायचे, म्हणजे बासरी. त्यावरून पुढे ‘पिस्तूल’ आलं असं मानतात. आखूड, रुंद तोंडाची तोफ ‘होउफ्नित्से’, त्यावरून ‘हॉवित्झर’. म्हणजे ताबोरी शब्द मराठी वर्तमानपत्रात आजही छापून येतात.

अडचणी काय? तटबंदी हलत नाही, म्हणून शत्रूने येऊन धडकणं गरजेचं. टेकडी किंवा पाणी बाजूला असलं तर उत्तम. २५ मार्च १४२० ला सुदोम्येर्शला ताबोरवाल्यांचा सेनापती यान झिझ्का याच्याकडे जेमतेम ४०० माणसं आणि १२ गाड्या होत्या. त्याने एक बाजू माशांच्या तळ्याच्या बांधाला टेकवली आणि दुसरीकडे तळ्याचा चिखल. स्वारांना घोड्यांवरून उतरून यावं लागलं, जड चिलखतात. बायकांनी चिखलात पदर पसरून शत्रूचे पाय अडकवले ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण ती दंतकथा म्हणूनच घ्या.

आता समतेचा भाग. झिझ्काचा १४२३ चा सैनिकी नियमनामा उपलब्ध आहे. लूट एका जागी आणून ठेवायची. वाटायला वडीलधारे निवडायचे, आणि ते सरदार, छोटे जमीनदार, शहरी लोक आणि शेतकरी अशा चारही थरांतून. श्रीमंत-गरीब दोघांना न्यायाने वाटा. कोणी लपवलं, रांग सोडली, हुकमाशिवाय आग लावली तर शिक्षा, मग तो सरदार असो की शेतकरी. १४२३ च्या युरोपात हे लिहून ठेवणं सोपं नव्हतं. झिझ्का तेव्हा पूर्ण आंधळा होता. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा १४२१ मध्ये राबी किल्ल्याच्या वेढ्यात बाणाने गेला.

तिरकी_रेघ

बायकांचा उल्लेख फक्त दंतकथेपुरता? बाकी काही?

खडकवासी

आहे की. मे १४२० मध्ये सिगिस्मुंडच्या क्रूसेडविरुद्ध (धर्मयुद्धाविरुद्ध) ताबोरहून प्राहाला जो जथा गेला त्यात बायकामुलं धरून सुमारे ९ हजार जण होते. १४ जुलैला प्राहाजवळच्या व्हीत्कोव टेकडीवरचा लाकडी बुरूज २६ पुरुष, दोन बायका आणि एका मुलीने धरून ठेवला, मग झिझ्काची कुमक आली. ही संख्या वाव्रिनेत्स ब्रेझोवाच्या बखरीतली आहे आणि तो ताबोरविरोधी, म्हणजे कौतुकासाठी वाढवायचं त्याला कारण नव्हतं. एका बाईने माघार घ्यायला नकार देताना ख्रिस्ती माणसाने ख्रिस्तविरोधकापुढे हटू नये असं काहीसं म्हटल्याचंही तो लिहितो.

त्याच वाव्रिनेत्सची दुसरी नोंद मजेशीर आहे. प्राहात आलेले ताबोरवाले रस्त्यात उभे राहून शहरी पुरुषांच्या मिशा कापायचे आणि बायकांची नटवी वस्त्रं, ओढण्या उतरवायचे. प्राहाचे लोक हुसचेच अनुयायी, पण त्यांनी या पाहुण्यांबद्दल काय विचार केला असेल! ५ ऑगस्टला ताबोरवाल्यांनी शहराला १२ कलमं दिली: गुत्त्यात दारू नको, नक्षीदार कपडे नकोत, व्याजखोरी नको, मठ पाडा. पाचच दिवसांनी झ्ब्रास्लावच्या मठात जमावाने तळघरातली दारू मनसोक्त पिऊन मेलेल्या राजा वात्स्लावचं प्रेत बाहेर काढलं आणि त्याला गवताचा मुकुट घातला. कलमं आणि माणसं यांच्यातलं अंतर मोजायला हे दोन प्रसंग पुरेत.

उंबरठा (धागाकर्ता)

मूळ प्रश्नाचं उत्तर आता देता येतं.

बोहेमियात शेतसाऱ्याचे दोन हप्ते: वसंतात सेंट जॉर्जच्या दिवशी आणि शरदात सेंट हावेलच्या दिवशी, १६ ऑक्टोबरला. १४२० च्या वसंतात ताबोरचे प्रचारक सांगत होते की आता राजा नाही, जमीनदार नाही, खंड नाही. जंगलं, कुरणं, माशांची तळी सर्वांना मोकळी. तळ्यांचा उल्लेख मुद्दाम केलाय. दक्षिण बोहेमियात कार्प माशांची तळी हा जमीनदारांचा मोठा धंदा होता आणि त्यात गळ टाकणं शेतकऱ्याला गुन्हा.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेंट हावेलचा हप्ता ताबोरच्या हेटमनांनी (सैन्याच्या नायकांनी) आसपासच्या गावांकडून वसूल केला, आणि सक्तीने. म्हणजे व्यवस्था एक वर्षही टिकली नाही. सात-आठ महिने धरा.

कारण तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलंच आहे. पिंपात शेवटचा मोठा भरणा फेब्रुवारी-मार्चमधला. एप्रिलपासून तटबंदी, बंदुका, दारूगोळा, घोड्यांचा चारा. जूनमध्ये रोझम्बेर्कच्या ओल्द्रिख या बड्या सरदाराने वेढा घातला. जुलै-ऑगस्ट प्राहात. पेरणी केली ती ताबोरमध्ये न आलेल्या शेतकऱ्यांनी. हिवाळ्याचं धान्य त्यांच्याकडे, छावणीकडे हत्यारं. पुढे काय होणार ते सांगायला नको.

वाटप सामुदायिक होतं, उत्पादन कधीच नव्हतं, ही गोची. कारागिराने आपला हातोडा पिंपात टाकला नाही, टाकून उपयोगही नव्हता. हळूहळू ज्याचं दुकान त्याचं उत्पन्न, आणि ताबोर एक साधं गाव झालं, नगरसेवकांसह.

आगाशीचा_वारा

पण एकदम ‘मोडलं’ म्हणू नका. पुढे ताबोरात दोन समुदाय झाले: घरचा आणि ‘रणात राबणारा’, म्हणजे फिरतं सैन्य. घरच्या समुदायात बाजार परत आला. सैन्यात मात्र वाटून घेणं चालू राहिलं, कारण तिथे उत्पन्न नव्हतंच, लूट आणि ‘होल्दी’ होते. होल्दी म्हणजे गाव जाळू नये म्हणून गावाने दिलेली खंडणी. आपल्याकडे चौथाई म्हटलं की चटकन कळेल, मात्र तुलना इथेच सोडून देतो.

तिरकी_रेघ

म्हणजे भावाभावांत समता, आणि खंडणी शेजारच्या शेतकऱ्याकडून. छान.

बरं, पिकार्ट लोकांचं काय? त्यांना झिझ्कानेच जाळलं ना? समतेवाल्यांनी समतेवाल्यांना?

खडकवासी

हो, आणि त्याची सफाई देता येत नाही.

१४२१ च्या सुरुवातीला मार्तिन हूस्का नावाचा तरुण धर्मगुरू सांगू लागला की भाकर ही भाकरच, तिच्यात ख्रिस्ताचं शरीर प्रत्यक्ष उतरत नाही. तिच्यापुढे गुडघे टेकायची गरज नाही, प्रेमभोजन म्हणून पोटभर खावी. ताबोरच्या बहुसंख्यांना हे झेपलं नाही. पेल्यासाठीच तर सगळे लढत होते! अशा दोन-चारशे जणांना, म्हणजे पिकार्टांना, गावाबाहेर काढलं. एप्रिलमध्ये झिझ्काने त्यातल्या सुमारे ५० जणांना ताबोरशेजारच्या क्लोकोती गावात जाळलं, त्यांचा पुढारी पेत्र कानिश त्यात होता. उरलेली एक टोळी नेझार्का नदीतल्या बेटावर गेली, ती ऑक्टोबरमध्ये संपवली. तेच ‘आदामाइट’, नग्न राहणारे, बायका सामाईक मानणारे वगैरे.

या ‘वगैरे’बद्दल सावध राहा. बेटावरच्या लोकांची वर्णनं त्यांना मारणाऱ्यांकडून आली आहेत. एकाला जिवंत ठेवून त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि ते प्राहाला कळवलं, असं बखर म्हणते. अशा कबुलीजबाबाची किंमत काय ते आपण जाणतोच. ताबोरच्या कडव्या मतांच्या बाबतीतही हाच धोका: १० डिसेंबर १४२० ला प्राहात जी सत्तरहून अधिक कलमांची यादी वाचून दाखवली, ती विरोधी प्राध्यापकांनी तयार केलेली. बिस्कुपेत्सने तिथल्या तिथे म्हटलं की यातलं बरंचसं विष कालवून सांगितलंय.

हूस्काला खुद्द प्राहात जाळायला नगरसेवक घाबरले, दंगल होईल म्हणून. मग त्याला रोउद्नित्सेला नेलं आणि २१ ऑगस्ट १४२१ ला साथीदारासह जाळलं. कशात घालून? पिंपात.

भुईनळा

भुकेचा विनोद मागे घेतो.

चाकजोडी

उघडायच्या जागेबद्दल ‘शेवटी येतो’ म्हटलं होतं, तर लिपानी. ३० मे १४३४.

झिझ्का ऑक्टोबर १४२४ मध्ये आजाराने गेला होता. त्याचे लोक स्वतःला ‘अनाथ’ म्हणू लागले, ताबोरचं सैन्य प्रोकोप होलीकडे आलं. होली म्हणजे ‘हजामत केलेला’: ताबोरचा धर्मगुरू असून दाढी न ठेवणारा. या दोन सैन्यांनी क्रूसेड परतवले. १४३१ ला दोमाझ्लित्सेमध्ये तर शत्रू लढाईआधीच पळाला. मग स्वाऱ्या बाहेरच्या देशांत, १४३३ मध्ये अनाथ थेट बाल्टिक समुद्रापर्यंत पोचले. पण दहा वर्षं शेतं तुडवली गेलेल्या देशाला आता लढाई नको होती. नेमस्त हुसाइट सरदार आणि कॅथलिक सरदार एकत्र आले.

दोन्ही बाजूंकडे गाड्या, दोन्हीकडे तीच विद्या. नेमस्तांच्या पुढच्या फळीने हल्ला केला आणि मग घाबरल्यासारखं करून माघार घेतली. ताबोरवाल्यांना वाटलं जिंकलो. साखळ्या सोडल्या, गाड्या उघडल्या, बाहेर धावले. पळणारे वळले, लपवलेले घोडेस्वार बाजूने उघड्या जागेतून आत घुसले. झिझ्काच्या नियमनाम्यात रांग सोडणं हा गुन्हा होता! प्रोकोप मेला, आणि पकडलेल्या शेकडो जणांना कोठारांत कोंडून जाळलं. पैसे घेऊन लढणारे बरेच भरती झाले होते, ‘भाऊ’ कमी उरले होते, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. शिस्तीतले जुने लोकही पाठलागाच्या मोहात पडतात.

खडकवासी

पुढचं पटकन: १४३६ ला यिह्लावामध्ये करार होऊन पेल्याला मान्यता, सिगिस्मुंड राजा. १४३७ मध्ये त्यानेच ताबोरला राजनगराचा दर्जा दिला. ज्याच्याविरुद्ध गाव वसलं त्याच्याच सनदेने ते शहर झालं. १४५२ ला पुढे राजा झालेल्या यिर्झी पोद्येब्राडीने शहर ताब्यात घेतलं, बिस्कुपेत्स तुरुंगात गेला.

१४५१ मध्ये एनिया सिल्वियो पिक्कोलोमिनी, पुढचा पोप पायस दुसरा, एक रात्र ताबोरमध्ये राहिला. त्याचं पत्र वाचण्यासारखं आहे. वेशीवर दोन ढाली: एकीवर पेला धरलेला देवदूत, दुसरीवर आंधळा झिझ्का. घरं लाकडाची आणि मातीची, कशीही उभी केलेली, छावणीतले तंबू असावेत तशी. आत मात्र सामानाची रेलचेल, कारण मुलुखभरची लूट इथे आली होती. आधी सगळं सामाईक होतं, आता ज्याचं त्याचं, असं तो टोमणा मारून लिहितो. पण त्याच माणसाने ताबोरच्या बायकांचं बायबलचं ज्ञान पाहून इटालियन पाद्र्यांना लाज वाटावी असंही म्हटलं. शत्रूकडून आलेली ही पावती मी पिंपांपेक्षा मोठी मानतो.

उंबरठा (धागाकर्ता)

१९४८ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीने हेच पिंप उचलून धरलं. बेथलेहेम चॅपल १९५० ते ५४ मध्ये नव्याने बांधलं, ज्या राजवटीने चर्चच्या मालमत्ता घेतल्या तिने! १४ जुलै १९५० ला व्हीत्कोववर झिझ्काचा ९ मीटर उंच अश्वारूढ पुतळा उघडला आणि १९५३ नंतर काही वर्षं तिथल्याच स्मारकात कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष गोटवाल्डचं मसाला भरलेलं प्रेत ठेवलं होतं. मात्र ताबोरवर पहिला हक्क त्यांनी सांगितला असं नाही, त्यांच्या आधी चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष मासारिक यानेही सांगितला होता.

आगाशीचा_वारा

वारसा खरा कुठे गेला म्हणाल तर पेत्र खेल्चित्स्कीकडे. त्याने ताबोरची समता घेतली आणि तलवार नाकारली. त्याच्या लिखाणातून १४५७ मध्ये कुन्वाल्ड गावी ‘बंधुसंघ’ उभा राहिला. त्याचे वंशज १७२२ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूटला वसले, तेच मोरावियन. लेहला फिरायला गेलात तर बाजाराजवळ मोरावियन चर्च दिसेल, त्यांचं मिशन तिथे १८८५ पासून आहे.

तिरकी_रेघ

ताबोरला कोणी जाणार असेल तर काय पाहावं? नेटवर तलावाकाठचा फोटो दिसतो, तोच बचावाचा खंदक का?

चाकजोडी

नाही, तो योर्दान. शहराला पाणी मिळावं म्हणून ओढा अडवून १४९२ मध्ये केलेला साठा, झिझ्काने तो पाहिलेला नाही. पाहायचं तर कोत्नोव किल्ल्याचा गोल मनोरा, तिथून नदीचा उतार दिसतो आणि जागा का निवडली ते कळतं. गल्ल्या मुद्दाम वाकड्या केल्या असं गाइड सांगतात; उतारावर घाईत बांधलेल्या छावणीच्या गल्ल्या आपसूकच वाकड्या होतात. चौकात जुन्या नगरगृहासमोर दोन दगडी टेबलं आहेत, ती उघड्यावरच्या प्रभुभोजनाची म्हणून दाखवतात. नगरगृहात हुसाइट संग्रहालय आहे, आणि तिथूनच घरांखालच्या जोडलेल्या तळघरांत उतरता येतं. ती मुख्यतः बिअर आणि माल साठवायची होती.

भुईनळा

म्हणजे पिंपं शेवटी तळघरात गेली.

उंबरठा (धागाकर्ता)

:-) मूळ लेखात पीसेकचा उल्लेख त्रोटक राहिला होता. तिथल्या पिंपांचा कारभार मात्येय लोउदा नावाच्या नागरिकाकडे होता. हाच लोउदा पुढे हेटमन झाला आणि १४३३ मध्ये बासेलच्या धर्मपरिषदेत वाटाघाटीला गेलेल्या शिष्टमंडळातही होता.